थांबा, त्याला बघू द्या

नाशिक रोडहून सकाळची पंचवटी पकडायची, मूल मांडीवर घेऊन कसारा घाट उतरायचा, मुंबईत तासभर थेरपिस्टपुढे बसायचे आणि संध्याकाळी परत. ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता असलेल्या मुलासाठी ज्यांनी ही वारी केली आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. गर्दीने, फेरीवाल्यांच्या ओरड्याने मूल आधीच बिथरलेले. तिथे पोचल्यावर ते टेबलाखाली जाऊन बसते. घरी वाटी-चमच्याशी अर्धा तास रमणारे मूल त्या खोलीत कुणाला दिसतच नाही.

फोनवरून मिळणाऱ्या मार्गदर्शनाचे महत्त्व इथे आहे. प्रवास वाचतो, ते तर झालेच. पण यात शिकवणी मुलाची नसते, आईवडिलांची असते. समजा, डब्याला फोन टेकवून आईने मुलाबरोबर दहा मिनिटे खेळायचे आणि मग ते चित्रण मार्गदर्शक ताईंबरोबर बघायचे. सारा वेळ आई विचारते आहे, "हा रंग कोणता? सांग ना, कोणता?" मूल पाठमोरे. तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, आई क्षणभर गप्प होते आणि मूल चमचा तिच्यापुढे धरते. ताई चित्र नेमके तिथे थांबवतात. "आत्ता काय झालं, पाहिलंत?"

मूल बोलत नसले की अख्खे घर त्याच्याशी दुप्पट बोलू लागते. अशा घरात गप्प राहून वाट बघणे किती अवघड आहे, ते करून पाहिल्याशिवाय कळत नाही.

ब्रिटनमध्ये तयार झालेली ही पद्धत गोव्यातील 'संगत' संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या संशोधकांनी आपल्याकडच्या घरांना साजेशी करून तपासली. २ ते ९ वर्षांची ६५ मुले, सहा महिन्यांत बारा भेटी. आणि शिकवणारे तज्ज्ञ डॉक्टर नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते. २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकियाट्री'त निष्कर्ष आले. आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले, मुले आपणहून संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. तेव्हा चमत्काराची भाषा नको. शिवाय या भेटी समोरासमोरच्या होत्या. पण चित्रण बघणे हाच पद्धतीचा गाभा असल्याने ती फोनवर नेता येते. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, त्याच सुमारास केंद्राने दूरवैद्यकाची मार्गदर्शक तत्त्वेही जाहीर केली.

ताई चूक दाखवत नाहीत, जमलेला क्षण दाखवतात, याला कारण आहे. आईच्या थंडपणामुळे मूल असे होते, असे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात मांडले होते. तो सिद्धांत केव्हाच मोडीत निघाला. घराघरांत मात्र तो वेश बदलून नांदतो: "नोकरी करतेस म्हणून", "मोबाइल दिलास म्हणून". त्याच मोबाइलवर तिची चूक दाखवली, तर ती पुढच्या वेळी फोन उचलणारच नाही.

अडचणी आहेतच. निदान आणि कानांची तपासणी समोरासमोरच व्हायला हवी. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर रेंज मिळेलच असे नाही. घरातला एकुलता एक फोन बहुधा वडिलांच्या खिशात असतो. म्हणून वेळ शक्यतो ते घरी आल्यानंतरची घ्यावी. आजींनाही शेजारी बसवावे. दुपारी आई कामावर गेली, की रंग विचारायला त्याच घरी असतात.