बंद पडलेला लॅपटॉप आणि लिनक्स

शाळेच्या कपाटातील जुन्या लॅपटॉपवर बहुधा एकच शब्द लिहिलेली चिठ्ठी चिकटवलेली असते : 'बंद'. एकाचा पडदाच उजळत नाही, दुसरा सुरू होऊन मध्येच थांबतो, तिसरा चालतो पण पान उघडायला पाच मिनिटे घेतो, चौथ्यावर वाय-फाय लागत नाही. चौघांनाही 'बंद' म्हटले जाते आणि पुढे डेडस्टॉक रजिस्टरातून निर्लेखनासाठी त्यांची यादी केली जाते. रुग्णाच्या केसपेपरवर डॉक्टरांनी फक्त 'आजारी' एवढेच लिहावे, तसा हा प्रकार आहे. 'बंद' हे निदान नव्हे. निदान अजून व्हायचे आहे एवढाच त्याचा अर्थ.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टिमचा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. 'विंडोज ११' साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था लागते आणि प्रोसेसरही साधारण २०१७-१८ नंतरचा लागतो. त्याआधीचे असंख्य लॅपटॉप यंत्र म्हणून ठणठणीत असूनही कालबाह्य ठरले. यवतमाळसारख्या जिल्ह्यात, जिथे झरी-जामणी किंवा घाटंजी तालुक्यातल्या एखाद्या मुलीचा संगणकाशी येणारा पहिला संबंध शाळेतल्या अशाच यंत्राशी असतो, तिथे त्याला कपाटात ठेवायचे की कामाला लावायचे, हा निर्णय लहान नाही.

जुन्या यंत्राला कामाला लावण्याचा एक मार्ग म्हणजे लिनक्स. फिनलंडमधील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स याने १९९१ मध्ये लिहायला घेतलेला हा गाभा आणि रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या 'ग्नू' प्रकल्पाची साधने यांच्या मिलाफातून आजच्या लिनक्स प्रणाली घडल्या. त्यांचा स्रोत खुला असतो. कोणीही त्या वापरू, तपासू, बदलू आणि वाटू शकतो. शाळेसाठी हा प्रयोग नवा नाही. रायगड जिल्ह्यातील खैराट या छोट्या गावाच्या शाळेत २००७ साली 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या उपक्रमाचे एक्सओ लॅपटॉप आले, तेव्हा त्यांत लिनक्सच होते. त्यांची स्मृती होती अवघी २५६ मेगाबाइट. त्याच वर्षी सी-डॅकने भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही प्रणाली प्रसृत केली. केरळमधील शाळांत तर संगणक-शिक्षण अनेक वर्षे मुक्त प्रणालीवरच चालते.

संगणक जागा कसा होतो?

लॅपटॉपचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्रे दिसेपर्यंत पाच पायऱ्या असतात. पहिली, वीज. दुसरी, बायोस किंवा त्याची नवी आवृत्ती यूईएफआय : हा मुख्य पाटीवरील चिपमध्ये कायम असणारा लहानसा प्रोग्राम स्मृती, कळफलक, डिस्क हजर आहेत का ते पाहतो. तिसरी, बूटलोडर : डिस्कवरील हा छोटा प्रोग्राम ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा उचलून स्मृतीत ठेवतो. लिनक्समध्ये त्याचे नाव बहुधा 'ग्रब' असते. चौथी, कर्नल म्हणजे गाभा : तो पडदा, वाय-फाय, ध्वनी अशा प्रत्येक भागाशी बोलणारे ड्रायव्हर कामाला लावतो. पाचवी, आपण वापरतो तो डेस्कटॉप.

प्रत्येक पायरी आधीच्या पायरीवर उभी आहे. म्हणून दुरुस्तीतला पहिला प्रश्न 'काय बिघडले?' हा नसून 'कुठपर्यंत आले?' हा असतो. कंपनीचे चिन्ह दिसले, तर पहिली पायरी आणि दुसरीचा बराचसा भाग पार पडला. ग्रबची यादी दिसली, तर डिस्क वाचली जात आहे. दिवा लावूनही उजेड पडत नाही, तेव्हा आपण आधी शेजारच्या घरात वीज आहे का ते पाहतो. तसेच हे आहे.

आधी चाचणी, मग स्थापना

लिनक्सचा शिक्षकांना सर्वांत उपयोगी पडणारा गुण असा, की ते डिस्कला हात न लावता थेट पेनड्राइव्हवरून चालवता येते. याला 'लाइव्ह' पद्धत म्हणतात. ही केवळ सोय नाही, हे निदानाचे साधन आहे. लाइव्ह लिनक्स नीट चालले, तर स्मृती, प्रोसेसर, पडदा हे सारे बरे आहे आणि दोष डिस्कमध्ये किंवा तिच्यावरील प्रणालीत आहे. लाइव्ह लिनक्सही त्याच जागी अडखळले, तर दोष यंत्रातच असण्याचा संभव मोठा. प्रयोगशाळेत आपण एक घटक बदलतो आणि बाकीचे स्थिर ठेवतो; इथे तेच केले.

पेनड्राइव्ह तयार करताना तीन गोष्टी पाहाव्यात. एक, लॅपटॉप ६४-बिट आहे ना? डेबियन ही प्रणाली दीर्घकाळ जुन्या ३२-बिट यंत्रांचा आधार होती. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या तिच्या १३ व्या आवृत्तीपासून त्या यंत्रांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. दोन, उतरवून घेतलेली फाइल अखंड आहे ना? संकेतस्थळावर तिची 'शा-२५६' नावाची ६४ अक्षरांची खूण दिलेली असते. आपल्या फाइलवरून तीच खूण काढून ताडून पाहावी. फाइलमधला एक बिट जरी बदलला, तरी खूण पार बदलते. तालुक्याच्या गावी तुटक इंटरनेटवर उतरवलेल्या फाइलसाठी ही तपासणी टाळू नये. तीन, ती फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून चालत नाही. रूफस किंवा एचर यांसारख्या साधनाने ती 'लिहावी' लागते, आणि त्यात पेनड्राइव्हवरचे आधीचे सर्व पुसले जाते.

मग लॅपटॉप सुरू करताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप अशी कंपनीनुसार ठरलेली कळ दाबून पेनड्राइव्ह निवडावा. चार गिगाबाइट स्मृती असेल तर 'लिनक्स मिंट'ची एक्सएफसीई आवृत्ती, दोनच असेल तर 'लुबंटू'सारखी हलकी प्रणाली घ्यावी. लाइव्ह चालू असताना वाय-फाय, आवाज, कॅमेरा, प्रोजेक्टर आणि शाळेचा प्रिंटर तपासावा. सरल, यू-डायस प्लस यांसारखी कामाची पोर्टले ब्राउझरमध्ये उघडून पाहावीत. हे सर्व जमले तरच पुढे जावे.

स्थापनेपूर्वी डिस्कवरील निकालपत्रके, छायाचित्रे दुसरीकडे साठवावीत आणि मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी. यंत्र शाळेचे आहे. 'डिस्क पुसून स्थापना करा' हा पर्याय शब्दशः घ्यायचा असतो. विंडोजही ठेवायचे असेल, तर डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद आहे का ते पाहून तिची पुनर्प्राप्ती-किल्ली आधी लिहून ठेवावी. बॅटरी निकामी असेल तर इन्व्हर्टरवरच काम करावे. स्थापना चालू असताना वीज गेली, तर अर्धवट लिहिलेली डिस्क हाती येते.

नेहमीचे अडथळे

*डिस्कच दिसत नाही.* इन्स्टॉलरला डिस्क सापडत नसेल, तर बायोसमध्ये डिस्कची जोडणी 'रेड' किंवा 'आरएसटी' पद्धतीवर आहे का ते पाहावे. ती 'एएचसीआय' केल्यावर डिस्क बहुधा दिसू लागते. मात्र त्यावर आधीचे विंडोज असेल, तर या बदलानंतर ते उठेनासे होऊ शकते.

*स्थापना झाली, पण यंत्र म्हणते डिस्कच नाही.* पेनड्राइव्ह जुन्या 'लेगसी' पद्धतीने सुरू झाला आणि यंत्र मात्र यूईएफआय पद्धतीने डिस्क शोधत आहे, असे होते. दोन्ही वेळी पद्धत एकच हवी.

*ग्रबनंतर काळा पडदा.* इथे बहुधा चित्र-ड्रायव्हरचे बिनसलेले असते. ग्रबच्या यादीत 'ई' ही कळ दाबावी, 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी 'नोमोडसेट' हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहावा आणि एफ-१० दाबावे. पडदा उजळला तर शंका खरी ठरली. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, त्यामुळे करून पाहण्यात धोका नाही.

*वाय-फाय नाही.* काही वाय-फाय चिपना, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, कंपनीचा बंदिस्त प्रोग्राम लागतो. मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट लॅपटॉपला द्यावे आणि तो प्रोग्राम उतरवून घ्यावा. त्याआधी लॅपटॉपच्या कडेला वाय-फायचा खटका आहे का, हे पाहायला विसरू नये.

*फार हळू चालतो.* फिरत्या चकतीची हार्डडिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. हवी ती जागा वाचकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे सुमारे साडेपाच मिलिसेकंद लागतात. शिवाय वाचक सरकायला वेळ लागतो तो वेगळा. विखुरलेले तुकडे वाचायचे झाले, तर सेकंदाला शंभरही वाचून होत नाहीत. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्याने ती असे हजारो तुकडे वाचते. म्हणून जुन्या लॅपटॉपला एसएसडी बसवण्याचा खर्च बहुधा सार्थकी लागतो.

*सकाळी चालतो, दुपारी थांबतो.* मे महिन्यात यवतमाळचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. उष्णता बाहेर पडण्याचा वेग तापमानातील फरकाच्या प्रमाणात असतो, हे आपण शिकवतोच. प्रोसेसर ९५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल तर फरक ७० अंशांचा. खोली ४५ वर गेली की तो ५० उरतो. म्हणजे तीच जाळी आणि तोच पंखा सुमारे २९ टक्के कमी उष्णता बाहेर टाकतो. त्यात जाळीत धूळ आणि कापसाचे तंतू अडकलेले असले, की प्रोसेसर स्वतःला मंद करतो किंवा यंत्र बंद होते. इथे लिनक्सचा दोष नाही. पंखा साफ करून काम सकाळी करावे.

घड्याळ काय सांगते?

एक दोष असा आहे, की तो वर्गात चर्चेला घ्यावा. लॅपटॉप सुरू होतो, वाय-फाय लागते, पण प्रत्येक संकेतस्थळ 'हे सुरक्षित नाही' असे म्हणते. अनेकजण इंटरनेटला दोष देतात. पाहायचे असते ते कोपऱ्यातले घड्याळ.

सुरक्षित संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र पाठवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' अशी मुदत असते. लॅपटॉपचे घड्याळ २०१५ साल दाखवत असेल, तर आजचे प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेले नाही, आणि तो ते नाकारतो. यंत्र बंद असताना घड्याळ चालू ठेवणारा ३ व्होल्टचा, नाण्याएवढा सेल अशा वेळी संपलेला असतो. एक स्वस्त सेल बदलला, की 'इंटरनेट' दुरुस्त होते.

पण घड्याळ वर्षानुवर्षे मागे न जाता बरोबर साडेपाच तासांनी चुकत असेल तर? तेव्हा सेलला हात लावू नये. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. विंडोज यंत्राच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवते. लिनक्स तिथे जागतिक वेळ आहे असे धरून तीत साडेपाच तास मिळवते. एकाच लॅपटॉपवर दोन्ही प्रणाली असल्या, की ही तफावत दिसते. लिनक्सला 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' अशी आज्ञा (इंग्रजी अक्षरांत) दिली, की ते स्थानिक वेळ मानू लागते. चुकीचा आकडाच इथे कारण सांगून जातो. चूक यादृच्छिक आहे की ठरावीक, हे आधी पाहावे, हा धडा मोजमापाच्या प्रत्येक प्रयोगाला लागू आहे.

मराठीचे काय?

लिनक्समध्ये देवनागरी युनिकोडमध्ये असते आणि १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेला इन्स्क्रिप्ट कळफलक सेटिंगमधून निवडता येतो. अडचण येते ती जुन्या पत्रांची. श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले पत्र उघडले, की निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. फाइल खराब झालेली नसते. त्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे बसवलेली होती. फॉन्ट गेला आणि चित्रे गेली. असा मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणून ठेवावा, म्हणजे तो पुढे कोणत्याही यंत्रावर वाचता येईल. आज कोलामी किंवा गोरमाटी शब्दांचा संग्रह मुलांकडून देवनागरीत करून घ्यायचा असेल, तर तोही युनिकोडमध्येच करावा.

आज्ञा शिकायच्या असतील, तर मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्यूटोरियल' प्रकल्पाचे लिनक्सवरील पाठ मराठीतही आहेत.

वर्गासाठी एक काम

आठवी-नववीच्या मुलांना एक वही करायला सांगावे. तिच्यात पाच रकाने आखावेत : लक्षण, कितव्या पायरीवर अडले, आपला अंदाज, तो तपासण्यासाठी केलेली एकच कृती, आणि निष्पत्ती. नियम दोनच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि अंदाज चुकला तरी तो खोडायचा नाही. चुकलेला अंदाजही एक शक्यता कमी करतो.

सगळेच लॅपटॉप उठतील असे नाही. ज्याची मुख्य पाटी जळली आहे, तो निर्लेखनालाच जाईल. पण त्याची स्मृती, डिस्क किंवा चार्जर दुसऱ्याला उपयोगी पडू शकेल. लिनक्सच्या गाभ्यातच बहुतेक ड्रायव्हर असल्याने एका यंत्रातली डिस्क दुसऱ्या यंत्रात लावली तरी ती बहुधा चालू होते, हेही मुलांना करून पाहता येईल. कपाटावरील 'बंद' ही चिठ्ठी काढून तिथे 'तिसऱ्या पायरीवर अडतो. डिस्क तपासली, सदोष' असे मुलांनी लिहिले, तर तो लॅपटॉप चालू होवो न होवो, विज्ञानाचा एक तास चांगला झाला असे समजावे.