वितळलं ते परत आलं

दुर्मीळ छायाचित्रांच्या कुठल्याही मालिकेत एक चित्र हमखास भेटतं. जळकी लाकडं आणि राडारोडा, त्यात एकमेकांवर कलंडलेली माणसं. कुणाचा चेहरा ओघळलाय, कुणाच्या डोक्यावर केस नाहीत, कुणाच्या अंगावर कपडे उरलेले नाहीत. बघताक्षणी पोटात गोळा येतो. खालची ओळ वाचल्यावर उलगडा होतो, की हे लंडनच्या मादाम तुसाँ संग्रहालयातले मेणाचे पुतळे आहेत. त्या ओळीत साल पुष्कळदा १९३० दिलेलं असतं. त्यावर विसंबू नये. संग्रहालय जळालं ते १८ मार्च १९२५ च्या रात्री. १९३० मध्ये तिथे नवी इमारत उभी राहून दोन वर्षं झाली होती.

अशा छायाचित्रात धडं बऱ्यापैकी शाबूत दिसतात आणि चेहऱ्यांची मात्र रया गेलेली असते. त्याचं कारण साधं आहे. ‘मेणाचा पुतळा’ आपण म्हणतो खरं, पण त्यात मेण असतं ते डोकं आणि हात एवढ्यापुरतंच. कपड्यांखाली झाकलं जाणारं अंग लाकूड, चामडं, कागदाचा लगदा, भुसा असं काहीबाही वापरून भरलेलं असे. आता त्या जागी फायबरग्लास आलंय. मधमाशीचं मेण साधारण ६२ ते ६४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि त्याच्या बरंच आधी मऊ पडतं. बंद दालनात आग लागली की तापलेला धूर आधी छताखाली साचतो आणि मग हळूहळू खाली उतरतो. उभ्या माणसाचं डोकं सगळ्यात वर. म्हणजे ज्वाळा पोचण्याआधीच, नुसत्या उष्णतेने, पुतळ्याचा सगळ्यात नाजूक भाग सर्वाधिक तापलेल्या हवेत सापडतो.

पुढचं काम कपडे करतात. पातळ झालेलं मेण तसं लगेच पेट घेत नाही. पेटते ती त्याची वाफ, आणि त्यासाठी तापमान दोनशे अंशांच्या पुढे जावं लागतं. पण तेच मेण मखमलीत आणि लोकरीत झिरपलं की कापडाची वात होते. राजेरजवाड्यांच्या घोळदार पोशाखात नटवलेला पुतळा म्हणजे माणसाएवढी मेणबत्तीच. अशा शेकडो पुतळ्यांच्या इमारतीत विजेच्या बिघाडाने ठिणगी पडली, असं मानलं जातं. वरचे मजले त्या रात्री गेले.

तरीही १९२८ मध्ये संग्रहालय पुन्हा उघडलं, सोबत चित्रपटगृह आणि उपाहारगृह घेऊन. जळालेली मंडळीही बहुतांशी हजर होती. हे कसं जमलं ते कळायला पुतळा घडतो कसा, हे बघायला हवं. शिल्पकार आधी मातीत चेहरा घडवतो. त्यावरून प्लास्टरचा, अनेक तुकड्यांत सुटणारा साचा काढतात. साच्यात पातळ मेण ओततात. कडेने ते थिजत येतं, हवी तेवढी जाडी झाली की मधलं मेण परत ओतून घेतात. पोकळ डोकं तयार. मग आतून काचेचे डोळे बसवायचे, एकेक केस तापल्या सुईने रोवायचा, त्वचेवर रंगाचे पातळ हात चढवायचे. काम आठवडेच्या आठवडे चालतं, पण सगळी मदार साच्यावर. साचा शाबूत असेल तर चेहरा हवा तेव्हा पुन्हा ओतता येतो. १९२५ च्या आगीतून साचे वाचले होते. त्या वेळी प्रमुख शिल्पकार होते जॉन थिओडोर तुसाँ, म्हणजे मूळ मादामचे पणतू.

मूळ मादाम म्हणजे मारी ग्रोशोल्ट्झ. जन्म १७६१, स्ट्रासबुर्ग. तिची आई फिलिप कुर्तियस या डॉक्टरकडे घर सांभाळत असे. कुर्तियस शरीरशास्त्रासाठी मेणाचे अवयव करायचा. पुढे पॅरिसमध्ये त्याने नामवंतांचे चेहरे करून प्रदर्शन थाटलं आणि मारी त्याच्या हाताखाली शिकली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या तोंडावर, १२ जुलै १७८९ ला, बास्तीयचा तुरुंग पडण्याच्या दोन दिवस आधी, जमावाने कुर्तियसकडून नुकताच बडतर्फ झालेला अर्थमंत्री नेकेर आणि ऑर्लेआँचा ड्यूक यांचे मेणाचे अर्धपुतळे नेले आणि त्यांची रस्त्यांतून मिरवणूक काढली. खरी माणसं मिळेनात, तर मेणाची. गिलोटिनखाली गेलेल्यांच्या शिरांवरून आपल्याला साचे घ्यायला लावले, असं मारी पुढे सांगत असे. इतिहासकार तिच्या या आठवणी जपूनच घेतात, आणि ते योग्यच आहे. धंदा चालवणाऱ्या बाईला गोष्ट रंगवून सांगणं भागच होतं. कुर्तियस १७९४ मध्ये वारला, संग्रह तिच्याकडे आला. १८०२ मध्ये ती इंग्लंडला गेली, तीसेक वर्षं गावोगाव प्रदर्शन घेऊन फिरली आणि १८३५ मध्ये बेकर स्ट्रीटला स्थिरावली. १८८४ मध्ये तिच्या वारसांनी संग्रह मेरिलबोन रोडवर हलवला. अमिताभ बच्चन यांचा पुतळा २००० मध्ये आला तो इथेच.

तर मग १९२५ मध्ये कायमचं काय गेलं? माझ्या मते या आगीची गोष्ट सांगताना हा प्रश्न आधी यायला हवा, कारण त्या छायाचित्राने आपली दिशाभूल होते. तुसाँच्या संग्रहात मेणाखेरीज खऱ्या वस्तूही होत्या. त्यांतली सगळ्यात प्रसिद्ध म्हणजे नेपोलियनची घोडागाडी. वॉटर्लूच्या पराभवानंतर, १८ जून १८१५ च्या रात्री, जनाप गावात ती प्रशियाच्या सैन्याच्या हाती लागली. लंडनला आणल्यावर १८१६ मध्ये पिकॅडिलीत ती बघायला झुंबड उडाली; लोक आत चढून बसत. १८४२ मध्ये ती तुसाँकडे आली आणि ऐंशीहून अधिक वर्षं तिथे राहिली. १९२५ मध्ये ती जळाली. तिचा साचा कुठे असणार? आज नेपोलियनचा चेहरा मेणात हवा तितक्या वेळा ओतता येतो, त्याची गाडी नाही. नक्कल परत आली आणि अस्सल गेलं, असा हा उलटा हिशेब आहे.

साच्यांवर घाव पडला तो पंधरा वर्षांनी. सप्टेंबर १९४० मध्ये जर्मन बॉम्ब आगीनंतर बांधलेल्या चित्रपटगृहावर पडला. पुतळ्यांचं नुकसान झालं ते झालंच, पण डोक्यांचे ३५२ साचेही नष्ट झाले. संग्रहालयाच्या दृष्टीने हा तडाखा मेण वितळण्यापेक्षा खोल होता. पण प्लास्टरच्या ठिकऱ्यांमध्ये कुणाचा चेहरा दिसत नाही. म्हणूनच बहुधा ‘दुर्मीळ छायाचित्रं’ म्हणून आपल्यापर्यंत पोचतात ती आगीची.