हज कोणावर फर्ज आहे?

कोकणातल्या आमच्या गावी बाजाराच्या टोकाला एका दर्जीचाचांचे दुकान होते. दुकान म्हणजे काय, रस्त्याकडेची एक पडवी, तीत एक शिवणयंत्र आणि कापडाच्या चिंध्यांचा ढीग. आम्हां पोरांचे शाळेचे सदरे तेच शिवीत. यंत्राच्या खणात पत्र्याचा एक डबा असे. दर शुक्रवारी नमाज पढून आले की चाचा त्यात दोनचार नोटा टाकीत आणि म्हणत, "ही बोटीची रक्कम बरं का!" बोट म्हणजे मुंबईहून जिद्द्याला जाणारी हजची बोट. डबा भरत आला की काही ना काही निघायचेच. एकदा धाकट्या भावाचे आजारपण निघाले, एकदा पावसाने घराची भिंत खचली. पुढे १९९५ साली बोटी बंद झाल्या आणि यात्रा विमानाची झाली. चाचांचा डबा काही पुरा भरला नाही. त्यांच्या शेवटच्या दुखण्यात मी भेटायला गेलो, तेव्हा मी कॉलेजात शिकवू लागलो होतो. माझा हात धरून ते म्हणाले, "मास्तर, एक फर्ज राहून गेलं. तिथं काय जाब देऊ?"

मला त्या वेळी उत्तर सुचले नाही. मी इतिहासाचा अध्यापक, धर्मपंडित नव्हे. पण तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून या विषयाचे वाचन केले, जाणत्या मौलवींना विचारले. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आधी हज म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. इस्लामने आपल्या अनुयायांना पाच मुख्य कर्तव्ये सांगितली आहेत. ईश्वर एक आहे आणि महंमद त्याचे पैगंबर आहेत ही साक्ष, नमाज, रमजानचे रोजे, जकात म्हणजे संपत्तीतला ठरावीक दानभाग, आणि हज. जे कर्तव्य केलेच पाहिजे, टाळले तर दोष लागतो, त्याला 'फर्ज' म्हणतात. नमाज दिवसातून पाच वेळा, रोजे वर्षातून एक महिना, जकात वर्षातून एकदा; हज मात्र जन्मातून एकदाच. दर वर्षी करावा काय, असे पैगंबरांना विचारले गेले होते. त्यांनी तसे बंधन घातले नाही, कारण ते लोकांना झेपले नसते. स्वतः पैगंबरांनीही मदिनेला गेल्यानंतर एकच हज केला, तो इ. स. ६३२ साली.

हजचे दिवस ठरलेले आहेत. मुसलमानी वर्षाचा शेवटचा महिना जिल्हेज, त्याच्या आठव्या तारखेपासून बाराव्या-तेराव्या तारखेपर्यंत हे विधी चालतात. आपल्याकडची बकरी ईद याच महिन्याच्या दहाव्या तारखेची. मक्केच्या हद्दीत शिरण्यापूर्वीच पुरुष यात्रेकरू नेहमीचे कपडे उतरवून न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे घेतात. या व्रतस्थ अवस्थेला 'इहराम' म्हणतात. स्त्रिया आपल्या नेहमीच्या साध्या वेषात असतात. काबागृहाभोवती सात फेरे घालायचे, सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा करायच्या. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधीत माता हाजरा जी धावली, तिची ही आठवण. नवव्या तारखेला अराफातच्या मैदानात दुपारपासून सूर्यास्तापर्यंत ईश्वराची करुणा भाकीत थांबायचे. हा हजचा प्राण आहे. ते चुकले तर हजच झाला नाही. रात्र मुजदलिफात उघड्या आकाशाखाली काढून दहाव्या तारखेला मीना येथे यायचे, सैतानाचे प्रतीक असलेल्या खांबाला खडे मारायचे, कुर्बानी द्यायची, केस उतरवायचे आणि पुन्हा काब्याला फेरे घालायचे. मदिनेची भेट बहुतेक यात्रेकरू घेतात, पण ती हजचा भाग नव्हे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. हे कोणावर बंधनकारक आहे? कुराणाच्या तिसऱ्या प्रकरणात हजची आज्ञा आहे, आणि तिथेच, त्याच वाक्यात, वाट करता येण्याच्या सामर्थ्याची अट आहे. अट मागाहून कोणी सवलत म्हणून जोडलेली नाही. ती आज्ञेबरोबरच आली. शास्त्रकारांनी तिची फोड अशी केली. मनुष्य मुसलमान असावा, वयात आलेला असावा, शहाणा म्हणजे बुद्धी ठिकाणावर असलेला असावा, स्वतंत्र असावा, कोणाचा गुलाम नसावा, आणि समर्थ असावा. आईबापांनी लहान मुलाला बरोबर नेले तर पुण्य आहे, पण त्या मुलाचे कर्तव्य त्याने फिटत नाही. मोठेपणी ऐपत आली तर त्याला पुन्हा जावे लागते.

यातला 'समर्थ' हा शब्दच महत्त्वाचा. सामर्थ्य तीन प्रकारचे: पैशाचे, शरीराचे आणि वाटेचे.

प्रथम पैशाचे. केवळ तिकिटापुरते पैसे जमले म्हणजे माणूस समर्थ झाला असे नाही. जाण्यायेण्याचा आणि तिथे राहण्याचा खर्च तर हवाच. शिवाय तो परत येईपर्यंत ज्यांचे पोट त्याच्यावर अवलंबून आहे, त्या बायकामुलांची, म्हाताऱ्या आईबापांची सोय मागे लावलेली हवी. डोक्यावरचे देणे आधी फिटले पाहिजे. राहते घर विकून जा असे शास्त्र सांगत नाही. कारागिराची हत्यारे, ज्यांवर त्याची भाकरी आहे, तीही या हिशेबातून वगळलेली आहेत. व्यापाऱ्याच्या भांडवलाबाबत मात्र मतभेद आहेत. आपल्याकडे घाटावरचे बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे आणि कोकणातले शाफई पंथाचे. शाफई पंडित या बाबतीत जरा कडक आहेत. म्हणून बारीक प्रश्न ज्याने त्याने आपल्या पंथाच्या जाणकाराला विचारावा हे बरे. पण कर्ज काढून हजला जाण्याची सक्ती कोणीच करीत नाही. दुसऱ्याने देऊ केलेला पैसा घेतलाच पाहिजे, असेही हनफी पंडित मानीत नाहीत.

मग एखादा गरीब मनुष्य कसाबसा तिथे पोहोचलाच तर? तर त्याचा हज पुरा झाला. पुढे पैसा आला तरी पुन्हा जाण्याचे बंधन नाही. त्याला कोणी अडवीत नाही. फक्त न गेल्याचा दोष त्याच्या माथी येत नाही, इतकेच.

दुसरे सामर्थ्य शरीराचे. हा प्रवास कष्टाचा आहे. मुसलमानी वर्ष चंद्रावर चालते, ते सुमारे ३५४ दिवसांचे. त्यामुळे हज दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि कधी हिवाळ्यात, कधी ऐन उन्हाळ्यात येतो. २०२४ साली तो जून महिन्यात आला. त्या वर्षी कडक उन्हात तेराशेहून अधिक यात्रेकरू दगावल्याचे सौदी सरकारने जाहीर केले. त्यांतले बहुतेक परवान्याशिवाय गेलेले होते. सावली, वाहन, मुक्काम यांची अधिकृत सोय त्यांना नव्हती. श्रोतेहो, ही माणसे भक्तीनेच गेली होती. पण अंगात बळ आणि वाटेत सोय असावी ही अट पूर्वीच्या लोकांनी का घातली, ते अशा वेळी कळते. ज्याच्याजवळ पैसा आहे पण म्हातारपणाने किंवा न बरे होणाऱ्या दुखण्याने शरीर खिळले आहे, त्याने आपल्या वतीने दुसऱ्याला पाठवावे. याला 'हज-ए-बदल' म्हणतात. जाणाऱ्याने आधी स्वतःचा हज केलेला असावा हे उत्तम. शाफई पंथात तर ते आवश्यकच आहे.

तिसरे सामर्थ्य वाटेचे. वाट सुरक्षित आणि खुली हवी. याचे एक जुने उदाहरण आपल्याच पश्चिम किनाऱ्याशी निगडित आहे. सोळाव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगीजांचा समुद्रावर दरारा होता. त्यांच्या परवान्यावाचून यात्रेची गलबते हाकारता येत नसत, आणि त्या परवान्यांवर ख्रिस्त व मेरी यांची चित्रे असत. खुष्कीची वाट इराणातून, म्हणजे शिया राजवटीतून जाई. या दोन्ही अडचणी पुढे करून, हिंदुस्थानच्या मुसलमानांवर आता हज फर्ज नाही, असा निर्णय अकबराच्या दरबारातले मखदूम-उल्-मुल्क यांनी दिला होता. इतिहासकार बदायुनीने त्याची नोंद नापसंतीनेच केली आहे. त्याच काळात अकबराची आत्या गुलबदन बेगम १५७५ साली फत्तेपूर सिक्रीहून हजला निघाली, परवान्यासाठी सुरतेत खोळंबली, पण जाऊन १५८२ साली परत आली. वाट खरोखर बंद आहे की आपण बंद मानतो, हा विचार ज्याचा त्याने करायचा. आपल्या काळात मात्र वाट खरोखरच बंद झाली होती. साथीमुळे २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी बाहेरच्या देशांतल्या यात्रेकरूंना प्रवेश मिळाला नाही. त्या दोन वर्षी घरी राहिलेल्यांना कोणी दोष देत नाही.

स्त्रियांवरही हज पुरुषांइतकाच फर्ज आहे. त्यांच्या प्रवासाबद्दल मात्र मते निराळी आहेत. पती किंवा ज्याच्याशी विवाह होऊ शकत नाही असा जवळचा नातलग, म्हणजे 'महरम', बरोबर असावा, असे हनफी पंथ म्हणतो. भरवशाच्या स्त्रियांची सोबत असली तरी फर्ज हजसाठी चालते, असे शाफई पंथ म्हणतो. भारत सरकारने २०१८ सालच्या यात्रेपासून पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रियांना, ज्यांच्या पंथाला ते मान्य आहे त्यांना, चौघींच्या गटाने महरमावाचून जाण्याची मुभा दिली.

हे झाले ज्यांच्यावर बंधन नाही त्यांच्याविषयी. पण नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याच्याजवळ पैसा, शरीर आणि वाट ही तिन्ही आहेत, त्याला सबबी चालत नाहीत. मुलींची लग्ने होऊ देत, मग पाहू. नोकरीतून निवृत्त झालो की जाऊ. हज म्हणजे म्हातारपणचे काम, असे आपण पुष्कळदा ऐकतो. शास्त्रात म्हातारपणाचा उल्लेखही नाही. उलट, सामर्थ्य आल्याबरोबर जावे, असे हनफी पंथातले प्रमुख मत आहे. जाण्याचा निश्चय ठेवून काही काळ थांबता येते, असे शाफई म्हणतात. पण न जाताच मृत्यू आला तर त्याच्या मालमत्तेतून, वाटण्या होण्यापूर्वी, कर्ज फेडावे तसा त्याचा हज करवून घ्यावा, असेही तेच सांगतात. पैसाही सचोटीचा हवा. आणि हज केला म्हणजे दुसऱ्याचे बुडवलेले पैसे, बळकावलेला बांध माफ होतो, ही समजूत चुकीची आहे. माणसाचे देणे माणसालाच द्यावे लागते. म्हणून निघण्यापूर्वी देणी फेडण्याची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची क्षमा मागण्याची चाल आहे.

शिक्षकबंधूंना एक सुचवावेसे वाटते. बकरी ईदच्या सुमारास वर्गात हजची माहिती सांगताना केवळ मक्केचे वर्णन सांगून थांबू नका. ही अटही सांगा. जिथे धर्म 'केलेच पाहिजे' म्हणतो, तिथेच तो माणसाची ऐपत, त्याचे कर्ज आणि त्याच्या घरची चूल विचारात घेतो, हे मुलांना कळू द्या. मुले ते घरी जाऊन सांगतील, आणि घरात कोणी म्हातारे मनातल्या मनात कुढत असेल तर त्याच्याही कानी ते पडेल.

आता पुन्हा आमच्या चाचांकडे येतो. त्यांच्या डब्यात यात्रेपुरती रक्कम कधी एकदाही पुरी झाली नाही. जे जमे ते भावाच्या औषधाला आणि घराच्या भिंतीला गेले. म्हणजे जे आधी करायला हवे तेच त्यांनी आधी केले. एकदा तर त्यांनी शिवणयंत्र विकायचाही विचार केला होता आणि मग पोरांकडे पाहून सोडून दिला. त्या गोष्टीचीही त्यांना बोचणी होती. आज ते समोर असते तर मी त्यांच्याजवळ बसून म्हटले असते, "चाचा, तुमचं काही राहिलं नाही. ते यंत्र विकायला शास्त्रानं सांगितलंच नव्हतं. हज तुमच्यावर फर्ज झालाच नव्हता, मग जाब कसला?"

तेव्हा मला हे माहीत नव्हते. आपल्या गावात असा कोणी असेल तर त्याला हे वेळेवर सांगा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.