रखवालदार नसलेली घरे

नॉर्वेतल्या योटुनहाइमेनच्या डोंगरांत ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी मी आणि पत्नी चिंब भिजून एका लाकडी केबिनपाशी पोचलो. गाडीरस्ता नाही, विजेची तार नाही, चिटपाखरू नाही. मात्र खिशात किल्ली होती. देशभरातल्या अशा बहुतेक कुलूपबंद केबिन याच एका किल्लीने उघडतात! डीएनटी या पदभ्रमण संघटनेच्या सभासदाला ती थोडी अनामत ठेवून मिळते.

संघटना १८६८ सालची. त्याच वर्षी र्‍युकानच्या धबधब्याजवळ ‘क्रोकान’ हे तिचे पहिले निवासस्थान झाले. आज अशा साडेपाचशेच्या आसपास केबिन आहेत. काहींत माणसे असतात, जेवण मिळते. काहींत नुसते छप्पर, अंथरूण आणि चूल. आमची मधल्या प्रकारातली होती. फडताळात डबाबंद अन्न. आपण घ्यावे, घेतलेले कागदावर मांडावे आणि तो कागद पेटीत टाकावा. तपासायला कोणी नाही.

पत्नीची बोटे इतकी बधिर झाली होती की तिला जाकिटाची चेनही उघडेना. चुलीशेजारी कोणीतरी बारीक ढलप्या फोडून ठेवल्या होत्या, म्हणून झटपट जाळ झाला. आल्याआल्या ओली, जाड लाकडे फोडत बसावे लागले असते तर काय, हा विचार मला नंतर सुचला. या उंचीवर झाडे वाढत नाहीत. सरपण खालून यावे लागते, बहुधा हिवाळ्यात बर्फावरून. म्हणून निघण्यापूर्वी पुढच्यासाठी ढलप्या फोडणे, झाडलोट करणे, पाणी भरून ठेवणे हा तिथला शिरस्ता. जागा भरली तरी आलेल्याला परत पाठवत नाहीत. जमिनीवर गाद्या पसरतात. (आपल्या गडांवरच्या गुहांत मागच्या मुक्कामाचे काय सापडते, ते ट्रेकर मंडळींना सांगायला नको.)

सकाळी उशीर झाला होता. सरपण तसेच सोडून निघू, असे मी म्हटले. पत्नीने उत्तर न देता कुऱ्हाड उचलली.

नोंदवहीत नाव आणि पुढचा मुक्काम लिहिला. ही वही हिशेबापुरती नसते. कोणी हरवले तर शोधपथक आधी तीच उघडते. १९६७च्या ईस्टरमध्ये डोंगरांत १८ जण दगावल्यावर तिथे डोंगरात वागण्याच्या नियमांचा जोरात प्रचार झाला. वेळेवर मागे फिरावे, त्यात कमीपणा नाही, हा त्यातलाच एक.

तासाभरात धुके इतके दाटले की वाटेवरच्या दगडांवरची लाल ‘टी’ची खूण दिसेना. आम्ही परतलो, वहीतली नोंद खोडली आणि सकाळी फोडलेल्या ढलप्या स्वतःच जाळल्या. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड मी घेतली.