तारो : भिंतीमागचे गाव

जपान म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोक्योची गर्दी, मोटारींचे कारखाने आणि बर्फाची टोपी घातलेला फुजी पर्वत उभा राहतो. पण कोणत्याही देशाची खरी ओळख त्याच्या लहान गावांतून होते. म्हणून आज वाचकांना जपानच्या ईशान्य किनाऱ्यावरील तारो नावाच्या एका कोळी गावाची माहिती द्यावी असे मनात आले. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या आपल्या मॉरिशसमधील वाचकांना या गावाची गोष्ट जवळची वाटेल.

गावाची जागा

जपानच्या चार मोठ्या बेटांपैकी सर्वांत मोठे होन्शू. त्याच्या उत्तर भागात इवाते नावाचा प्रांत आहे आणि त्याच्या पूर्वेकडील किनाऱ्याला सान्रिकू म्हणतात. येथे डोंगर थेट समुद्रात उतरतात. उंच कडे आणि त्यांच्यामध्ये लहान लहान खाड्या अशी या किनाऱ्याची रचना आहे. सपाट जमीन फार थोडी. अशाच एका खाडीच्या तोंडाशी, दोन लहान नद्यांनी आणलेल्या गाळावर तारो वसले. गावाजवळ सान्नो-इवा नावाचा सुमारे ५० मीटर उंचीचा खडक समुद्रकाठी उभा आहे. तो पाहण्यासाठी प्रवासी येत असतात.

हा समुद्र मोठा उदार आहे. येथील वाकामे नावाचे खाद्य शेवाळ प्रसिद्ध आहे. शिंपले, सागरी साळू आणि सामन मासा यांवर गावाचे पोट चालते. एके काळी जवळच तांब्याची खाणही होती. ती १९७१ साली बंद झाली. तारो हे अनेक वर्षे स्वतंत्र नगर होते. २००५ साली ते शेजारच्या मियाको शहरात सामील करण्यात आले.

परंतु जो समुद्र देतो तोच नेतोही. या किनाऱ्यापासून सुमारे २०० किलोमीटरवर समुद्रतळाशी एक खोल दरी आहे. तेथे प्रशांत महासागराचा तळ वर्षाला सुमारे ८ सेंटिमीटर या वेगाने जपानच्या खाली सरकत असतो. वर्षानुवर्षे साठलेला हा ताण एखाद्या दिवशी सुटतो, तळ हादरतो आणि त्यावरचे सारे पाणी हलते. अशी लाट भर समुद्रात फारशी जाणवत नाही, पण अरुंद होत जाणाऱ्या खाडीत शिरली की तिला पसरायला जागा उरत नाही आणि ती उंच उंच होत जाते. जपानी भाषेत ‘त्सु’ म्हणजे बंदर आणि ‘नामी’ म्हणजे लाट. २००४ सालानंतर आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेला सुनामी हा शब्द असा बंदरातून आलेला आहे.

दोन काळरात्री

१५ जून १८९६ रोजी जुन्या पंचांगाप्रमाणे मुलांचा सण होता. संध्याकाळी भूकंपाचा हलकासा धक्का बसला. तो इतका सौम्य होता की कोणी सणाचे जेवण सोडून उठले नाही. सुमारे अर्ध्या तासाने लाट आली. सान्रिकू किनाऱ्यावर त्या रात्री सुमारे २२,००० माणसे मेली. तारोमध्ये तर दर दहा माणसांतली आठ गेली.

जे उरले त्यांनी पुन्हा त्याच जागी घरे बांधली. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण होड्या ज्या किनाऱ्याला लागतात त्या किनाऱ्यापासून कोळ्याने किती दूर राहावे?

सदतीस वर्षांनी, ३ मार्च १९३३ रोजी पहाटे अडीचच्या सुमारास पुन्हा धरणी हादरली. या वेळी धक्का मोठा होता. कडाक्याची थंडी होती, आणि हिवाळ्यात त्सुनामी येत नाही अशी समजूत या किनाऱ्यावर रूढ होती. लाट मात्र आली. गावातील ९११ माणसे, म्हणजे तिघांतला एक, मृत्युमुखी पडली.

भिंत उभी राहते

सरकारचे म्हणणे होते की गाव उंचावर हलवावे. पण सर्वांना पुरेल इतकी उंच सपाट जागा जवळपास नव्हती. तेव्हा गावाचे प्रमुख सेकिगुची मात्सुतारो यांनी वेगळा निर्णय घेतला. गाव येथेच राहील आणि समुद्र व गाव यांच्यामध्ये भिंत उभी राहील! १९३४ साली गावाने स्वतः कर्ज काढून काम सुरू केले. पुढे सरकारनेही हातभार लावला. युद्धामुळे काम थांबले, १९५४ साली पुन्हा सुरू झाले आणि १९५८ साली १,३५० मीटर लांबीची पहिली भिंत पुरी झाली. समुद्रसपाटीपासून तिची उंची १० मीटर होती.

ही योजना विचारपूर्वक केलेली होती. पहिली भिंत लाटेला छातीवर घेण्यासाठी नव्हती, तर तिला दोन्ही नद्यांच्या खोऱ्यांकडे वळवण्यासाठी होती. गावातील रस्ते सरळ आखले, चौकातील कोपरे कापून मोकळे ठेवले, म्हणजे पळणाऱ्याला समोरची टेकडी दिसावी. भिंत हा पळायला वेळ मिळवून देणारा उपाय होता. पळायचे तर प्रत्येकालाच होते.

मे १९६० मध्ये दक्षिण अमेरिकेतील चिली देशात प्रचंड भूकंप झाला आणि त्याची लाट सारा महासागर ओलांडून जपानला पोहोचली. जपानमध्ये सुमारे १४० माणसे दगावली, तारोमध्ये एकही नाही. खरे पाहता तारोला आलेली लाट लहानच होती, भिंतीची कसोटी लागलीच नाही. पण नाव भिंतीचे झाले. देशोदेशीचे लोक ती पाहायला येऊ लागले. तिला चीनच्या महाभिंतीची उपमा मिळाली. शाळेच्या गीतातही तिला स्थान मिळाले. पुढे समुद्राच्या बाजूला आणखी भिंती जोडल्या गेल्या आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीस एकूण लांबी सुमारे २,४०० मीटर झाली. भिंतीवर भिंत आली तशी पहिल्या भिंतीच्या बाहेरही, समुद्राच्या बाजूला, घरे उठली.

कागदी चित्रांची आजी

भिंत पुरी होत होती त्याच सुमारास, १९७९ साली, गावातील एका बाईंनी वेगळेच बांधकाम हाती घेतले. त्यांचे नाव ताबाता योशी. १९३३ च्या पहाटे त्या आठ वर्षांच्या होत्या. जमीन हादरली की समोरच्या टेकडीवर पळ, असे आजोबांनी त्यांना सांगून ठेवले होते. कारण आजोबांनी १८९६ पाहिले होते. त्या पळाल्या आणि वाचल्या. त्यांची आई मात्र त्या संकटात गेली.

जपानमध्ये कागदावरची चित्रे एकामागून एक दाखवून गोष्ट सांगण्याची जुनी कला आहे. आपल्याकडील चित्रकथी पोथीतली चित्रे दाखवीत कथा गातात, तसाच काहीसा हा प्रकार. ताबाताबाईंनी त्या पहाटेची चित्रे करवून घेतली, प्रथम नातवंडांना आणि मग शाळाशाळांतून मुलांना ती गोष्ट सांगितली. हे काम त्यांनी तीस वर्षांहून अधिक काळ केले. दर ३ मार्चला गावात पळण्याचा सरावही होत असे. एका गावात सिमेंटची भिंत आणि आठवणीची भिंत अशा दोन्ही उभ्या होत्या.

११ मार्च २०११

दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. तीनच मिनिटांत पहिला इशारा आला : इवाते प्रांतात ३ मीटर उंचीची लाट अपेक्षित. भिंत १० मीटरची! ज्यांनी तो आकडा ऐकला त्यांतल्या कित्येकांनी मनात वजाबाकी केली आणि ते घरीच थांबले. काही जण तर समुद्र पाहायला भिंतीवर गेले. नंतर इशाऱ्यातला आकडा ६ मीटर आणि मग १० मीटरहून अधिक करण्यात आला, पण तोवर वीज गेली होती, बातमी पोहोचणे कठीण झाले होते.

सुमारे चाळीस मिनिटांनी लाट आली. समुद्राकडील एक भिंत कोसळली. पहिली, जुनी भिंत टिकली, पण पाणी तिच्या वरून आत आले. गावातील हॉटेलच्या इमारतीत पाणी चौथ्या मजल्यापर्यंत चढले. तारोच्याच हद्दीतील एका लहान खाडीत ते डोंगरउतारावर ३७.९ मीटरपर्यंत गेल्याची नोंद आहे. सुमारे १८० माणसे मेली अथवा बेपत्ता झाली. समुद्राजवळच्या शाळेची मोठी मुले लहानग्यांना आणि वृद्धांना हात देत टेकडीवर चढली. ८६ वर्षांच्या ताबाताबाईही पुन्हा एकदा टेकडीकडे निघाल्या आणि वाचल्या. २०१८ साली त्यांचे निधन झाले.

येथे आकडे नीट पाहावेत. १८९६ साली शंभरातले ऐंशीहून अधिक गेले, १९३३ साली तेहतीसच्या आसपास, २०११ साली सुमारे चार. तेव्हा गावाचे सारे कष्ट वाया गेले असे कोणी म्हणू नये. पण ते चार का गेले, हा प्रश्न प्रत्येक शिक्षकाने स्वतःला विचारावा असा आहे. त्यांतल्या काहींना तरी भिंतीच्या भरवशाने घात केला.

मियाकोच्याच हद्दीत, दक्षिणेला, आनेयोशी नावाची चिमुकली वस्ती आहे. तेथे १९३३ नंतर एक दगड बसवला गेला. या दगडाच्या खाली घर बांधू नका, असा त्यावरील मजकुराचा आशय आहे. लोकांनी तो पाळला. २०११ ची लाट तेथे सुमारे ४० मीटरपर्यंत चढली आणि दगडाच्या खालीच थांबली. वस्तीतले एकही घर गेले नाही.

आजचे तारो

मार्च महिना संपण्याआधीच तारोची रेल्वे पुन्हा धावू लागली. आता बरीच घरे टेकडीवरच्या नव्या वसाहतीत आहेत. खाली मैदान, दुकाने आणि माशांचे व्यवहार. समुद्राकडे १४.७ मीटरची नवी भिंत झाली आहे. ती इतकी उंच की गावातून समुद्र दिसत नाही. खालचे दोन मजले केवळ लोखंडी सांगाडा होऊन उरलेले ते हॉटेल तसेच जपून ठेवले आहे. मार्गदर्शक पाहुण्यांना तेथे नेतात आणि जुन्या भिंतीवर उभे राहून त्या दिवसाची हकीकत सांगतात.

आपल्या बेटावरही १९६० साल कोणी विसरलेले नाही. त्या वर्षी कॅरोल चक्रीवादळाने गवताची आणि पत्र्याची घरे उडवली आणि आपण सिमेंटची घरे बांधली. ते योग्यच झाले. सिमेंटच्या घराने वाऱ्यापासून राखले. पण ३० मार्च २०१३ रोजी पोर्ट लुईमध्ये अचानक आलेल्या पुराने ११ जणांचे प्राण घेतले, आणि जानेवारी २०२४ मध्ये बेलाल वादळाच्या पावसाने त्याच शहरातल्या मोटारी वाहून नेल्या. ज्या संकटासाठी भिंत बांधली तेच संकट पुन्हा येईल, असे कोणी लिहून दिलेले नसते.

सान्रिकू किनाऱ्यावर ‘तेन्देन्को’ असा एक शब्द आहे. ज्याने त्याने आपापले पळावे, असा त्याचा अर्थ. ऐकायला कठोर वाटतो, पण त्यामागे विश्वास आहे : आई पळाली असेल हे मुलाला ठाऊक आहे, मूल पळाले असेल हे आईला ठाऊक आहे, म्हणून एकमेकांना शोधायला कोणी मागे फिरत नाही. हा विश्वास अगोदर घरात बसून, बोलून ठरवावा लागतो. आपल्याकडे नोव्हेंबरपासून वादळाचे दिवस सुरू होतात. त्याआधी एका संध्याकाळी आजी-आजोबांना कॅरोलची गोष्ट मुलांना सांगू द्यावी, आणि पाणी आले तर कोणी कोठे जायचे हे त्याच वेळी ठरवून टाकावे.