युटातील सामाईक पेढी आणि स्त्रियांचे मत

अमेरिकेतील युटा प्रदेशात मॉर्मन पंथीयांनी १८४७ साली वस्ती केली. ओसाड भूमी त्यांनी पाटाच्या पाण्याने पिकविली. व्यापार मात्र बराचसा परपंथीयांच्या हाती गेला. लोहमार्ग येऊ घातला, तेव्हा पूर्वेकडील मालाच्या लोंढ्यात आपला समाज वाहून जाईल, ही धर्मगुरू ब्रिगॅम यंग यांची चिंता होती. त्यांनी १८६८ साली ‘झायन्स कोऑपरेटिव्ह मर्कंटाइल इन्स्टिट्यूशन’ ही सामाईक पेढी स्थापिली. काही व्यापाऱ्यांनी आपला माल पेढीत घालून त्याबदली भाग घेतले. आपण वहीवर ‘शुभ-लाभ’ लिहितो, तसे तेथे दुकानाच्या पाटीवर उघडा नेत्र आणि ईश्वरार्पणाचे वचन असे. परपंथीयांकडून खरेदी करू नये, हा दंडक मात्र मला व्यापारधर्माला शोभणारा वाटत नाही.

१२ फेब्रुवारी १८७० रोजी तेथील स्त्रियांना मताधिकार मिळाला. दोनच दिवसांनी सॉल्ट लेक सिटीच्या नगरपालिका निवडणुकीत सेराफ यंग या तरुण शिक्षिकेने मत दिले. वायोमिंगने हा हक्क दोन महिने आधी दिला होता. परंतु प्रत्यक्ष मतदान आधी घडले ते युटात.

मताधिकार मिळाल्यावर स्त्रिया बहुपत्नीत्वाविरुद्ध उभ्या राहतील, अशी पूर्वेकडील अनेक सुधारकांची अटकळ होती. तसे घडले नाही. १८८७ साली काँग्रेसने कायदा करून त्यांचा मताधिकारच काढून घेतला. बहुपत्नीत्वाचे समर्थन कोण करील? तथापि, अपेक्षेप्रमाणे मत दिले नाही म्हणून हक्कच हिरावणे, हा न्याय नव्हे.

दरम्यान १८७६ पासून एमेलिन वेल्स यांच्या पुढाकाराने या भगिनींनी दुष्काळासाठी गव्हाचा साठा आरंभिला. शेतात सांडलेली कणसेसुद्धा त्यांनी वेचली. स्वतंत्र कोठारे बांधली, हिशेब स्वतः ठेवले. आयुष्यभर बँकेत ताळेबंद तपासलेल्या माझ्यासारख्याला त्या धान्यसाठ्याचे विशेष कौतुक वाटते. १९१८ साली त्यातील २,००,००० बुशेलांहून अधिक गहू त्यांनी सरकारला विकला.

१८९६ साली युटा राज्य झाले आणि मताधिकार परत आला. त्याच वर्षी डॉ. मार्था ह्यूझ कॅनन राज्याच्या सिनेटवर निवडून आल्या. पराभूत उमेदवारांत त्यांचे पतीही होते.