पाच ताऱ्यांपैकी किती?

पुस्तक संपल्यावर कुणी विचारतं, 'कसं वाटलं?' तेव्हा आपण सहज पाच मिनिटं बोलतो. तेच मत ताऱ्यांत मोजायचं झालं, तर आधी ताऱ्याचा अर्थ ठरवावा लागतो. वाचकांसाठीचं गुडरीड्स हे संकेतस्थळ २००७ साली सुरू झालं, २०१३ मध्ये ते ॲमेझॉनने घेतलं. तिथे एक तारा म्हणजे 'आवडलं नाही', दोन म्हणजे 'ठीक', तीन म्हणजे 'आवडलं', चार 'खूप आवडलं' आणि पाच 'अप्रतिम'. नापसंतीला एकच पायरी, बाकी चार कमीअधिक पसंतीच्या. आपल्याला मात्र परीक्षेच्या गुणांची सवय. त्यामुळे देणाऱ्याने 'आवडलं' म्हणून दिलेले तीन तारे पाहणाऱ्याला 'यथातथाच' वाटतात.

पुढे या ताऱ्यांची सरासरी निघते, आणि खरी गंमत तिथेच हरवते. दहा जणांनी तीन-तीन तारे दिले तर सरासरी तीन. पाच जणांनी पाच आणि पाच जणांनी एक दिला, तरीही तीनच. पहिलं पुस्तक सगळ्यांना सारखंच आवडलेलं असेल, दुसरं मात्र काहींना जिवाभावाचं आणि काहींना असह्य वाटलेलं. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' (१९६३) अशी टोकाची मतं ओढवून घेणारी कादंबरी आहे. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर ज्याला आपला वाटतो आणि ज्याला तो कंटाळवाणा वाटतो, त्या दोघांच्या मधला आकडा कुणाचंच मत नसतो. म्हणून सरासरीपेक्षा कोणत्या ताऱ्याला किती मतं पडली, ते आधी पाहावं.

तारे देतं कोण, यावरही बरंच अवलंबून असतं. माणूस आवडेलसं वाटणारंच पुस्तक हातात घेतो, म्हणून आकडे मुळातच वरच्या बाजूला झुकतात. मालिकेतल्या पुढच्या भागांना बहुधा जास्त तारे पडतात, कारण पहिला भाग न आवडलेले वाचक तिथवर पोहोचतच नाहीत. उलट प्रकार पुरस्काराने होतो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बालाझ कोवाच आणि अमांडा शार्की या संशोधकांनी गुडरीड्सवरचे अभिप्राय तपासले, तेव्हा पुरस्कार मिळाल्यानंतर पुस्तकांचं मानांकन घसरल्याचं दिसलं. एरवी त्या वाटेला न जाणारे वाचक पुरस्कारामुळे पुस्तकाकडे वळतात आणि त्यांची आवड वेगळी असते, हे या संशोधकांनी दिलेलं एक कारण. पुस्तक तेच राहिलं, वाचक बदलला.

मराठी पुस्तकांची अडचण आणखी वेगळी. इथे मतंच थोडी. आठ जणांची सरासरी साडेचार असेल आणि नवव्याने एक तारा दिला, तर ती एकदम ४.१ वर येते. आठ हजार मतांत असा एक तारा कळतही नाही. शिवाय मूळ पुस्तक आणि भाषांतरं एकाच नोंदीखाली जोडायची गुडरीड्सची पद्धत आहे. 'मृत्युंजय' (१९६७) हिंदी-इंग्रजीतही वाचली जाते. अशा कादंबरीच्या आकड्यात शिवाजी सावंतांची मराठी किती आणि भाषांतरकाराचं काम किती, हे वेगळं काढता येत नाही. ऑनलाइन दुकानांत तर पान दुमडलेलं आलं किंवा पार्सल उशिरा पोहोचलं म्हणूनही एक तारा पडतो. तो लेखकाच्या खात्यात जमा होणं हा सरळ अन्याय आहे.

मग मत द्यावं कसं? मला कारण ताऱ्यांपेक्षा मोलाचं वाटतं. 'बोअर झालं' याने कुणाला काही कळत नाही. 'पहिली शंभर पानं वर्णनातच जातात, कथानक उशिरा पकड घेतं' असं लिहिलं, तर वर्णनात रमणारा वाचक त्याच वाक्यावरून ते पुस्तक उचलेल. अर्ध्यावर सोडलं असेल तर तसं सांगावं, आणि कुठे सोडलं तेही. भाषांतर वाचलं असेल तर भाषांतरकाराचं नाव घालावं. शेवट मात्र फोडू नये.

नुकतंच एखादं मराठी पुस्तक वाचून संपवलं असेल, तर तारे देऊन थांबू नका. कारणाच्या दोन ओळी मराठीतच लिहा. ज्या पुस्तकावर जेमतेम आठ मतं आहेत, तिथे तुमच्या दोन ओळी पुढच्या वाचकाला सरासरीपेक्षा जास्त सांगतील.